टेकडीच्या पायथ्याचे उपनगर : डेक्कन जिमखाना परिसराची वाटचाल

पुण्याच्या जुन्या पेठांतून लकडी पूल ओलांडला की मुठेच्या पश्चिम काठावर जो भाग लागतो, त्याला आपण सारे ‘डेक्कन’ म्हणतो. हे नाव त्याला एका खेळाच्या संस्थेने दिले. वस्तीला नाव देणाऱ्या देवळाची, वाड्याची किंवा सरदाराची उदाहरणे पुण्यात पुष्कळ आहेत. एका मैदानावरून आख्खे उपनगर ओळखले जावे, असे उदाहरण विरळा. म्हणूनच या स्मरणिकेत डेक्कन जिमखान्याचा इतिहास लिहिताना तो संस्थेच्या कुंपणाआत ठेवता येत नाही. संस्था वाढली तसा परिसर वाढला आणि परिसरात जे घडले त्याचा ठसा संस्थेवर उमटला. पूर्वेला नदी आणि पश्चिमेला हनुमान टेकडीपासून वेताळ टेकडीपर्यंत पसरलेली डोंगररांग, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात गेल्या सव्वाशे वर्षांत जे लोकजीवन उभे राहिले, त्याची ही हकिगत आहे.

या हकिगतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. या पायथ्याशी आधी संस्था आल्या आणि मागून घरे आली. कॉलेज, मैदान, ग्रंथालय, संशोधनमंदिर, चित्रपटांचा कारखाना असे काहीतरी सार्वजनिक आधी उभे राहिले आणि त्याच्या आसऱ्याने माणसे राहायला आली. या उपनगराचा स्वभाव त्यातून घडला.

पूर्वपीठिका : १९०५ पर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे भांबुर्डे आणि एरंडवणे या दोन गावांचे शिवार होते. शेते, मळे, विहिरी, मधून जाणाऱ्या गाडीवाटा आणि टेकडीवर चरायला जाणारी गुरे असे त्याचे रूप होते. पुणे शहर नदीपलीकडे पेठांत दाटीने नांदत होते. अलीकडे यायचे ते शेतीच्या कामाला, चतुःशृंगीच्या दर्शनाला किंवा पुढे मावळात जायला.

या शिवाराला पहिली मोठी ओळख दिली ती फर्ग्युसन कॉलेजने. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ मधली आणि कॉलेजची १८८५ मधली. लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर, वामन शिवराम आपटे, महादेव बल्लाळ नामजोशी या मंडळींनी अल्प वेतनावर आयुष्य वाहून ही शिक्षणसंस्था उभारली. कॉलेजचे पहिले दिवस शहरातल्या वाड्यात गेले. १८९५ मध्ये ते टेकडीच्या पायथ्याशी बांधलेल्या स्वतःच्या इमारतीत आले. गावाबाहेर, रानात कॉलेज नेण्याचा तो निर्णय त्या काळात धाडसाचाच होता. विद्यार्थ्यांना पूल ओलांडून, शेतांच्या बांधावरून पायपीट करत यावे लागे. पुढे वसतिगृहे झाली आणि टेकडीखाली पहिल्यांदा रात्रीचे दिवे लागू लागले.

त्याच सुमारास १८९६-९७ च्या प्लेगने पुण्याला ग्रासले. दाट वस्ती सोडून लोक गावाबाहेर झोपड्या आणि तंबू टाकून राहिले. मोकळी हवा, ऐसपैस जागा आणि स्वच्छता यांचे मोल पेठांतल्या माणसाला या आपत्तीने शिकवले. पुढच्या काळात नदीपलीकडे घर बांधण्याची ओढ वाढली, त्यामागे हा अनुभवही होता.

महर्षी धोंडो केशव कर्वे त्या वेळी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. १८९६ मध्ये त्यांनी सुरू केलेला आश्रम थोड्याच वर्षांत हिंगण्याच्या माळावर गेला. शहर आणि हिंगणे यांच्या दरम्यानची वाट ते पायी तुडवत. चिखलातून, काट्याकुट्यातून रोज झालेल्या त्या चालण्याला स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. एरंडवण्यावरून जाणारा आजचा वर्दळीचा कर्वे रस्ता त्यांचेच नाव मिरवतो.

१९०५ हे वर्ष या परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी १२ जूनला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसनमागच्या टेकडीवर आपल्या सहकाऱ्यांसह देशसेवेची शपथ घेतली आणि भारत सेवक समाज स्थापन झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लकडी पुलापलीकडच्या मोकळ्या जागेत विदेशी कपड्यांची होळी पेटली. तिच्या आखणीत फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर पुढे होते आणि लोकमान्य टिळक तिथे उपस्थित होते. गोखल्यांचा मार्ग आणि टिळकांचा मार्ग वेगळा होता. दोन्ही मार्गांची माणसे याच पायथ्याशी वावरली आणि दोन्हींनी या भूमीला काहीतरी दिले.

१९०६ ते १९१९ : मैदानाची मुहूर्तमेढ

राष्ट्रीय जागृतीच्या याच वातावरणात १९०६ साली डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. बाळकृष्ण नारायण भाजेकर हे संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. तरुणांचे शरीर कमावले जावे, देशी खेळांना शिस्त यावी आणि क्रिकेट, टेनिससारखे नवे खेळ आपल्या मुलांनाही मोकळेपणाने खेळता यावेत, हा संस्थापकांचा उद्देश होता. त्या काळी बड्या क्लबांची दारे हिंदी माणसाला सहजी उघडत नसत. आपले मैदान आपण करायचे, हा स्वाभिमान या स्थापनेमागे उभा होता.

आरंभीचे दिवस ओढाताणीचे होते. शेताची जमीन सपाट करणे, दगडगोटे वेचणे, पाण्याची सोय करणे, पट्टीतून पैसा उभा करणे ही कामे सभासदांनी आणि हितचिंतकांनी मिळून केली. नावे पुढे आली ती मोजक्या लोकांची. पण ज्या माळ्यांनी मैदान राखले, ज्या गड्यांनी रोलर ओढला, त्यांच्या घामावरच या संस्थेचा पाया उभा आहे. हे ऋण आज नमूद करणे आवश्यक वाटते.

संस्थेच्या सुरुवातीच्या कामातला चिरस्थायी भाग देशी खेळांचा आहे. खो-खो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता, पण गावागणिक त्याचे नियम निराळे. १९१४ मध्ये पुण्यात जिमखान्याच्या पुढाकाराने समिती बसली आणि खो-खोचे नियम लेखी स्वरूपात आले. आज देशभर आणि देशाबाहेर खेळल्या जाणाऱ्या या खेळाला त्या समितीने चौकट दिली. अंगणातला खेळ स्पर्धेच्या मैदानावर आला, तो या पायथ्यावरून.

याच कालखंडात परिसरात दुसरे मोठे दालन उघडले. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे औचित्य साधून त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी ही संस्था उभी केली. डॉ. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेच्या स्वाधीन केला. टाटा घराण्याने इमारतीसाठी साहाय्य केले. सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह पाठोपाठ इथे आला. टेकडीच्या कुशीत, झाडांच्या सावलीत उभी राहिलेली ही वास्तू जगभरच्या संस्कृत अभ्यासकांना ओळखीची झाली.

१९२० चे दशक : अँटवर्पची वाट आणि पहिले बंगले

आपल्या मैदानाच्या इतिहासातले सर्वांत अभिमानाचे पान याच काळातले. जिमखान्याच्या मैदानी शर्यती पाहायला सर दोराबजी टाटा आले होते. अनवाणी धावणाऱ्या, औपचारिक शिक्षण न मिळालेल्या या शेतकरी घरच्या धावपटूंच्या वेळा चांगल्या होत्या. ही मुले ऑलिंपिकला गेली पाहिजेत, हा विचार तिथे रुजला. दोराबजींनी पुढाकार घेतला, खर्चाचा भार उचलला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. चार धावपटू आणि दोन मल्ल असा तो संघ होता. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पूर्ण करून आले. मल्लांपैकी रणधीर शिंदे पदकाच्या अगदी जवळ पोहोचले. भारतीय ऑलिंपिक संघटना औपचारिकपणे स्थापन झाली ती १९२७ मध्ये. त्याच्या आधीचा हा प्रवास मुठेकाठच्या मातीच्या मैदानावरून सुरू झाला होता. आज जिमखान्याच्या ट्रॅकवर धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे ठाऊक असायला हवे.

वसाहतीची खरी सुरुवातही याच सुमाराची. जिमखान्याच्या भोवतालच्या जमिनीची आखणी झाली, रस्ते सरळ पडले, प्लॉट पाडले गेले. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, सरकारी नोकर अशी मध्यमवर्गीय मंडळी पेठांतले वाडे सोडून इथे आली. काळ्या दगडाच्या जोत्यावर मंगलोरी कौलांचे बंगले उठले. पुढे अंगण, मागे विहीर, कुंपणाला मेंदी आणि दारात बकुळ किंवा चाफा. वाड्यातल्या माणसाला हे ऐसपैसपण नवे होते आणि एकटेपणही नवे होते. म्हणून लोकांनी सार्वजनिक जागा मनापासून वापरल्या. संध्याकाळी मैदान, सकाळी टेकडी, सुटीच्या दिवशी ग्रंथालय. शेजार या जागांवरच जमला.

१९२४ मध्ये इंडियन लॉ सोसायटीचे लॉ कॉलेज सुरू झाले. पुढे त्याने टेकडीच्या उतारावर विस्तीर्ण आवार घेतले. कॉलेजच्या मागचा डोंगर ‘लॉ कॉलेजची टेकडी’ म्हणून पुणेकरांच्या तोंडी रुळला. संस्थेने तो डोंगर मोकळा राखला, हे तिचे परिसरावरचे मोठे उपकार आहेत.

भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले होते. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी प्रमुख संपादकपद स्वीकारल्यावर त्या कामाला शास्त्रशुद्ध वळण लागले. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा या कार्याला आरंभापासून आधार होता.

१९३० चे दशक : अर्थशास्त्र, चित्रपट आणि चहा

१९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी पुण्यातल्या घराघरांत जाऊन लोकांचे उत्पन्न, घरभाडे, काम-धंदा यांची पाहणी केली. आपल्या शहराची स्थिती आकड्यांत मांडण्याचा देशातला हा आरंभीचा मोठा प्रयत्न होता. गाडगीळांनी पुढे सहकाराचा विचार प्रवरानगरच्या शेतकऱ्यांपर्यंत नेला. अभ्यासिकेतले काम शेताच्या बांधापर्यंत पोहोचले.

१९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यात आली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या भागीदारांनी एरंडवण्याच्या माळावर भव्य स्टुडिओ बांधला. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे चित्रपट इथे तयार झाले. ‘संत तुकाराम’ची दखल व्हेनिसच्या महोत्सवात घेतली गेली. सुतार, रंगारी, शिंपी, प्रकाशयोजनेचे कामगार अशा शेकडो हातांना प्रभातने रोजगार दिला. त्यांची कुटुंबे आसपास राहिली. बंगल्यांच्या या वसाहतीत कारागिरांची आणि कलावंतांची वस्ती मिसळली ती तेव्हापासून. स्टुडिओकडे जाणारा रस्ता ‘प्रभात रोड’ झाला आणि त्याच्या गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जाऊ लागल्या.

याच दशकात रोजच्या जगण्याचे अड्डेही बसले. १९३१ मध्ये विठ्ठलराव दीक्षितांचे इंटरनॅशनल बुक सर्व्हिस सुरू झाले. ग्राहकाची आवड ओळखून पुस्तक पुढे करणारे हे दुकान वाचणाऱ्यांच्या तीन पिढ्यांचे घर होते. १९३५ मध्ये गुडलक कॅफे उघडले. इराणी चहा आणि बन-मस्का समोर ठेवून झालेल्या चर्चांतून नाटके, नियतकालिके आणि चळवळी निघाल्या. चौकाला त्याचे नाव मिळाले.

क्रिकेटच्या क्षेत्रात प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. या यशात पुण्याच्या जिमखाना मैदानांवर घडलेल्या खेळाडूंचा मोठा वाटा होता. शेजारच्या पी. वाय. सी. हिंदू जिमखान्याशी आपली मैदानावर चुरस राहिली आणि मैदानाबाहेर स्नेह राहिला.

१९४० चे दशक : स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर

युद्धाची टंचाई, बेचाळीसचे आंदोलन, रेशनच्या रांगा यांतून हे दशक गेले. कॉलेजांच्या वसतिगृहांतले अनेक तरुण चळवळीत उतरले, काही तुरुंगात गेले. तरीही शिक्षणाचा विस्तार थांबला नाही. १९४३ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने वाणिज्य शाखेचे बृहन्महाराष्ट्र कॉलेज सुरू केले. १९४५ मध्ये महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज कर्वे रस्त्यावर उभे राहिले. ते आज आबासाहेब गरवारे महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. १९४६ मध्ये विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली. संस्थापक संचालक प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने तिचे संशोधनकार्य आज चालते.

या काळात टेकडीला एक असामान्य अभ्यासक लाभला. दामोदर धर्मानंद कोसंबी १९३० च्या दशकापासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी, मूळचे गोव्याच्या साखवाळचे, त्यांच्याआधी याच कॉलेजात पालीचे अध्यापक होते. दामोदर कोसंबी पायथ्याशी राहत आणि टेकड्यांवर चालत. चालता चालता त्यांनी अश्मयुगीन मानवाची बारीक दगडी हत्यारे वेचली. वेताळ, म्हसोबा, मावलाया यांची ठाणी आणि ही हत्यारे सापडण्याच्या जागा यांचा संबंध त्यांनी उलगडला. गुराख्यांशी बोलत त्यांनी भारताच्या प्राचीन इतिहासाकडे पाहण्याची नवी दृष्टी घडवली. रोजच्या फिरण्याच्या वाटेखाली हजारो वर्षांचा माणूस आहे, ही जाणीव त्यांनी आपल्याला दिली.

१९५० चे दशक : महानगरात प्रवेश

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. शहर आणि उपनगर यांचा कारभार एक झाला. पी. एम. टी. च्या बसगाड्या नियमित धावू लागल्या. डेक्कनचा बसथांबा पश्चिमेकडच्या गावांचे प्रवेशद्वार झाला. तरी या दशकाचे खरे वाहन सायकलच होते. सकाळी दहाला फर्ग्युसन रस्त्यावर सायकलींची रांग लागे आणि जिमखान्याच्या कुंपणाशी त्या ओळीने टेकलेल्या असत.

फर्ग्युसन रस्त्यावर १९५१ मध्ये जगन्नाथ शेट्टी यांनी उपाहारगृह सुरू केले. पुढे त्याचे ‘वैशाली’ झाले. उडुपी मंडळींनी पुण्याच्या सकाळीला इडली-सांबाराची सवय लावली आणि विद्यार्थ्यांना तासन्‌तास बसायला जागा दिली.

महर्षी कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न सन्मान मिळाला. ज्या वाटेने ते एकटे चालले, तिच्या दोन्ही बाजूंना आता मुलींच्या शाळा आणि कॉलेज उभे होते. त्यांच्या सूनबाई डॉ. इरावती कर्वे याच परिसरात राहून समाजशास्त्राचे आणि मराठी ललित लेखनाचे काम करत होत्या. ‘युगान्त’ला १९६८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या पाठावर हे पुस्तक आधारलेले आहे, हे विशेष.

१९६० चे दशक : महापूर आणि त्यानंतर

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत कोसळली आणि मुठा दोन्ही काठांवर चढली. लकडी पूल पाण्याखाली गेला. पुलाची वाडी आणि नदीकाठचा सखल भाग बुडाला. पेठांतली माणसे आणि काठावरची कुटुंबे उंचावर धावली. पायथ्याच्या शाळा, कॉलेजे आणि संस्थांची आवारे आसऱ्यासाठी खुली झाली. बंगल्यांच्या व्हरांड्यांत अनोळखी कुटुंबे राहिली. घरोघरी पोळ्या लाटल्या गेल्या, कपडे गोळा झाले, विद्यार्थ्यांनी गाळ उपसला. कुणी किती केले याची नोंद कुणी ठेवली नाही. या परिसराने माणुसकीची परीक्षा दिली ती त्या आठवड्यांत.

पुराने उपनगराचा नकाशाही बदलला. पूरग्रस्तांसाठी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला गोखलेनगर, जनवाडी अशा वसाहती झाल्या. पेठांतली हजारो माणसे एकाएकी डोंगराच्या शेजारी राहायला गेली. आरंभी पाणी, रस्ते, बस यांची मोठी गैरसोय होती. तिथल्या लोकांनी चिकाटीने मंडळे काढली, शाळा मिळवल्या, देवळे बांधली. टेकडीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी पायवाट रोजच्या वापराची झाली. घरकामाला येणाऱ्या बायका, दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले ही वाट तुडवत आणि या बाजूचा दिवस त्यांच्यामुळेच सुरू होई.

याच दशकात संस्थांनाही नवे बळ आले. प्रभातच्या बंद पडलेल्या स्टुडिओत १९६० मध्ये केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पी. के. नायर यांनी देशभरातून जुन्या फिल्मचे डबे जमवून चित्रपटांचा इतिहास वाचवला. १९६६ मध्ये वेताळ टेकडीवर वाहन संशोधनाची एआरएआय ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहणारे हे काम सुमारे अर्धशतक चालले. सुकथनकर, बेलवलकर, वैद्य यांच्यासारखे संपादक आणि पाठभेद टिपणारे अनेक शास्त्री यांची ही एकत्रित तपश्चर्या होती. १९६८ मध्ये नदीकाठी बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले आणि संध्याकाळचे पुणे नदीच्या या बाजूला वळले.

१९७० आणि १९८० ची दशके : बंगल्यांतून इमारतींकडे

१९७१ मध्ये फर्ग्युसनचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या आपुलकीसाठी ‘सिम्बायोसिस’ सुरू केली. टेकडीच्या पलीकडे सेनापती बापट रस्त्यावर तिचा विस्तार झाला. आफ्रिका आणि आखातातली मुले पायथ्याच्या घरांतून पेइंग गेस्ट म्हणून राहू लागली. काही घरांत ही मुले दिवाळीच्या फराळाला हक्काने बसत.

त्याच वर्षी गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरिबीची रेषा मोजण्याच्या देशभरच्या चर्चेला त्याने पाया दिला. विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक आणि याच परिसरात वाढलेले माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. लोकांनी श्रद्धेने जपलेले जंगल हा शास्त्राचाही विषय आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

घरांचे रूप मात्र बदलू लागले. मुले परगावी, परदेशी गेली. मोठे बंगले सांभाळणे अवघड झाले. एकेक बंगला उतरला आणि त्या जागी तीन-चार मजली सोसायट्या आल्या. जुन्या रहिवाशांना याचे दुःख झाले, नव्यांना घर मिळाले. या स्थित्यंतरात संस्थेपुढेही अनेक प्रश्न आले. मते वेगळी होती, चर्चा झाल्या आणि सर्वांनी संस्थेचे हित पुढे ठेवून वाट काढली. टेनिसची कोर्टे, प्रभात रस्त्यावरचा टिळक तलाव आणि मुख्य मैदान खेळासाठीच राहिले, ही त्या काळच्या कार्यकर्त्यांची देणगी आहे. पोहायला शिकायचे म्हणजे टिळक तलाव, हे समीकरण हजारो मुलांच्या उन्हाळी सुटीत पक्के बसले.

१९९० ते २०१० : शंभरीकडे

उदारीकरणानंतर फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, कर्वे रस्ता दुकानांनी आणि वाहनांनी भरले. सायकलींची जागा दुचाकींनी घेतली. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे शेजारी २००० मध्ये गेले, तेव्हा भांडारकर रस्त्यावर माणसांची रीघ लागली होती. २००६ मध्ये जिमखान्याने शंभर वर्षे पूर्ण केली. २००७ मध्ये भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद झाली.

या दोन दशकांत टेकडीकडे पाहण्याची लोकांची नजर पालटली. आधी ती फिरायची जागा होती, आता ती राखायची जागा झाली. पहाटे पाण्याचे कॅन घेऊन चढणारे ज्येष्ठ नागरिक, रोपांना आळी करणारे विद्यार्थी, पावसाळ्याआधी चर खणणारे गट दिसू लागले. वन विभागाने पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाटीपेक्षा इथल्या मूळच्या मोई, सालई, पळस, हिवर या झाडांना आणि गवताळ माळाला जपावे, असे अभ्यासकांनी समजावले आणि लोकांनी ते मनावर घेतले. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची, शहरातली सर्वांत उंच. पावसाचे पाणी ती आपल्या खडकात मुरवते आणि पायथ्याच्या विहिरींना, बोअरवेलना देते. मोर, ससे आणि असंख्य पक्षी तिच्यावर नांदतात.

आजचे कार्य आणि उद्याची जबाबदारी

६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज या टप्प्यावर पुण्याची मेट्रो धावू लागली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती नदीकाठाने दिवाणी न्यायालयापर्यंत गेली आणि ‘डेक्कन जिमखाना’ हे नाव स्थानकावर लागले. २०२३ मध्येच बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालच्या बोगद्यांच्या प्रस्तावांवरून नागरिक मोठ्या संख्येने वेताळ टेकडीसाठी एकत्र आले. आजी-आजोबा, नातवंडे, कॉलेजची मुले, गोखलेनगरची मंडळे आणि प्रभात रस्त्याच्या सोसायट्या एका रांगेत चालल्या. वाहतुकीची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय हवा. तो डोंगर फोडून नको, एवढी साधी मागणी त्यांनी शांतपणे मांडली.

मैदानावर आजही पहाटे सहाला जाळी लागते. टेनिस, पोहणे, टेबल टेनिस, क्रिकेट यांचे वर्ग भरतात. मुलींची संख्या वाढते आहे. ज्येष्ठ सभासद मैदानाभोवती फेऱ्या मारतात आणि नव्या खेळाडूंची नावे लक्षात ठेवतात.

या प्रदीर्घ वाटचालीकडे पाहताना एक निष्कर्ष स्पष्ट दिसतो. टेकडीच्या पायथ्याशी जे जे टिकले, ते सर्वांसाठी खुले होते म्हणून टिकले. कॉलेज शेतकऱ्याच्या मुलाला खुले होते, मैदान अनवाणी धावणाऱ्याला, ग्रंथालय कुठल्याही जिज्ञासूला, पुराच्या दिवसांत व्हरांडा अनोळखी कुटुंबाला. टेकडी ही मात्र कुणी स्थापन न केलेली, या सर्वांच्या आधीची संस्था आहे. तिला अध्यक्ष नाही, घटना नाही, वर्गणी नाही. म्हणून तिची काळजी घेण्याचा भार आपल्या सर्वांवर सारखाच येतो.

संस्थापक, पदाधिकारी, देणगीदार, खेळाडू, प्रशिक्षक, माळी, शिपाई, कार्यालयातील सेवक आणि परिसरातील असंख्य नागरिक यांच्या एकत्रित श्रमांतून ही वाटचाल झाली. त्या सर्वांना कृतज्ञ अभिवादन करून एवढेच सांगावेसे वाटते की, येत्या काळात जिमखान्याच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने वर्षातून एक दिवस टेकडीवर श्रमदानाला जावे आणि टेकडीवर फिरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातले एक मूल मैदानावर आणावे. पूर्वसूरींनी शेतजमीन सपाट करून खेळ उभा केला. आपल्या वाट्याला मैदान मोकळे आणि डोंगर हिरवा ठेवण्याचे काम आले आहे, आणि ते करायला पुरेशी माणसे या परिसरात आजही आहेत.